दानचिंतामणी माता अत्तिमब्बे

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर श्राविकेचे चरित्र लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा मनात पहिले नाव आले ते दानचिंतामणी अत्तिमब्बे हिचे. कर्नाटकात हे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. तेथील शासन साहित्यसेवा करणाऱ्या स्त्रियांना तिच्या नावाने पुरस्कार देते. आपल्या दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाजाचे कानडी मुलखाशी रोटीबेटीचे, व्यापाराचे आणि तीर्थयात्रेचे शेकडो वर्षांचे नाते. तरीही आपल्याकडे तिचे चरित्र फारसे सांगितले जात नाही. मी काही पंडित नव्हे. आयुष्य कापडाच्या दुकानात गेले. परंतु जे वाचले, ऐकले व प्रत्यक्ष पाहिले, त्यातून या माउलीची ओळख सधर्मी बंधू-भगिनींना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

कानडीत अब्बे म्हणजे आई. त्या काळी थोरामोठ्यांच्या घरातील स्त्रियांच्या नावापुढे आदराने हा शब्द लावीत. अत्तिमब्बेच्या बाबतीत मात्र तो नावापुरता राहिला नाही.

तिचे घराणे मूळचे वेंगी मंडळातील, म्हणजे आजच्या आंध्रातील. कम्मनाडूतील पुंगनूर हे त्यांचे गाव. आजोबा नागमय्य हे कौंडिण्य गोत्राचे, जन्माने ब्राह्मण आणि श्रद्धेने जैन. त्यांचे दोन पुत्र मल्लप व पुन्नमय्य हे दोघेही शूर आणि जिनभक्त. या दोघा बंधूंनी आपले गुरू जिनचंद्रदेव यांच्या स्मरणार्थ महाकवी पोन्न यांच्याकडून शांतिपुराण रचून घेतले. सोळावे तीर्थंकर भगवान शांतिनाथ यांचे हे कानडी चरित्रकाव्य. पोन्न हे राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या दरबारातील कवी. कानडी साहित्यात पंप, पोन्न व रन्न यांना रत्नत्रय म्हणतात, आणि हे तिघेही जैन होते, हे सांगताना आपल्यालाही अभिमान वाटावा.

मल्लप व अप्पकब्बे यांच्या पोटी दहाव्या शतकाच्या मध्यास अत्तिमब्बेचा जन्म झाला. ज्या घराने कवीला आश्रय दिला, ग्रंथ लिहवून घेतला, गुरूंचे स्मारक दगडात न करता काव्यात केले, त्या घरात ती वाढली. लहानपणी कानावर पडलेली गोष्ट माणूस विसरत नाही. पुढे तिने जे केले, त्याचे बीज माहेरीच पडले होते, असे मला वाटते.

तो काळ मोठ्या उलथापालथीचा होता. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड, इ.स. ९७२ मध्ये माळव्याच्या परमार राजा सीयक याने लुटली. दुसऱ्याच वर्षी, ९७३ मध्ये, चालुक्य तैलप दुसरा याने राष्ट्रकूटांची सत्ता संपवून आपले राज्य स्थापले. मान्यखेट हे केवळ राजधानीचे शहर नव्हते. जैन आचार्यांचे, कवींचे व ग्रंथांचे ते माहेरघर होते. अशा नगरावर शत्रू तुटून पडतो, तेव्हा सोन्यानाण्याबरोबर आणखी काय काय जळते, याचा हिशेब कोणत्याही राजाच्या दप्तरात लिहिला जात नाही.

मल्लपाच्या घराण्याने नव्या राजाची सेवा पत्करली. तैलपाचा मंत्री धल्लप याचा पुत्र नागदेव हा पराक्रमी सेनानी. त्याच्याशी अत्तिमब्बेचा विवाह झाला, आणि तिची धाकटी बहीण गुंडमब्बे हीदेखील त्याच घरात सवत म्हणून आली. दोन सख्ख्या बहिणी एका घरात नांदल्या. अत्तिमब्बेला पुत्र झाला, त्याचे नाव अण्णिगदेव.

सेनापतीची पत्नी म्हणजे महालात बसून राहणारी स्त्री, अशी आपली समजूत असते. त्या काळी सैन्याच्या छावणीबरोबर कुटुंबेही जात. अत्तिमब्बेला मिळालेल्या पदव्यांत एक पदवी आहे कटकपवित्रे. कटक म्हणजे सैन्याची छावणी. त्या छावणीला जी पवित्र करते ती. मला तिच्या सर्व बिरुदांत हे बिरुद अधिक बोलके वाटते. दानचिंतामणी, कविवरकामधेनू, जिनधर्मपताका ही नावे भव्य आहेत, पण ती कोणाही मोठ्या दात्याला शोभतील. छावणीत मात्र रोज मृत्यूचा बाजार भरलेला असतो. तेथे घोडे-हत्ती, जखमी माणसे, धूळ आणि धास्ती. अशा ठिकाणी नित्य देवदर्शन, शुद्ध आहार, अतिथीचा सत्कार व व्रतनियम सांभाळणे किती अवघड असेल, हे आजच्या गृहिणीला सांगायला नको. प्रवासात चार दिवस सोवळ्याने जेवायचे म्हटले, तरी आपली किती तारांबळ उडते! आहार, औषध, शास्त्र व अभय ही आपली चार दाने आहेत. छावणीतल्या स्त्रीला ती शब्दशः समोर दिसत असणार.

आणि मग तो दिवस आला. नागदेव रणांगणावर पडला. गुंडमब्बेने पतीबरोबर सहगमन केले. अत्तिमब्बे मागे राहिली.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. आज आपण एका वाक्यात हे वाचून पुढे जातो. परंतु ज्या काळी वीराच्या पत्नीने चितेवर चढणे हा कुळाचा गौरव मानला जाई, शिळा उभारून त्याचे पूजन होई, त्या काळी एकाच घरातील दोन बहिणींपैकी धाकटी अग्नीत गेली आणि थोरली जिवंत राहिली. लोक काय म्हणाले असतील? सासर-माहेरच्या मोठ्या घरात, आणि त्याहून मोठ्या छावणीत, तिच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले गेले असेल? धाकट्या बहिणीच्या स्मरणाला कोणी बोल लावू नये. तिचे प्रेम आणि तिचे धैर्य तिच्याजवळ. पण थोरलीने जे धैर्य दाखविले, ते एका दिवसाचे नव्हते. ते तिला रोज सकाळी उठून नव्याने दाखवावे लागणार होते.

आपल्या शास्त्राचा कौल याबाबतीत स्पष्ट आहे. आचार्य समंतभद्रांचे रत्नकरंड श्रावकाचार आपल्या पाठशाळांतून व शिबिरांतून शिकविले जाते. धर्म समजून नदी-समुद्रात स्नान करणे, वाळू-दगडांचे ढीग रचणे, कड्यावरून उडी घेणे आणि अग्नीत प्रवेश करणे, या सर्वांना आचार्यांनी लोकमूढता म्हटले आहे. सल्लेखना निराळी आणि दुःखाच्या किंवा लोकरीतीच्या भरात देह टाकणे निराळे, हा भेद आचार्यांनी अत्तिमब्बेच्या कितीतरी आधी सांगून ठेवला होता. पण पोथीत लिहिलेले असणे आणि चिता समोर पेटलेली असताना ते आठवणे, यांत फार अंतर आहे. अत्तिमब्बेने ते अंतर पार केले. तिच्या कडेवर मूल होते, हे कारण होतेच. पण पुढच्या आयुष्यात तिने जे केले ते पाहता, केवळ मुलासाठी जगलेल्या स्त्रीचे ते आयुष्य नव्हते.

तिने कठोर व्रते स्वीकारली. देह झिजविला, पण कर्तव्य टाकले नाही. घर सांभाळले आणि मुलाला वाढविले. अण्णिगदेव पुढे पडेवळ तैल या नावाने चालुक्यांच्या सेवेत मोठ्या अधिकारावर पोहोचला. बापाविना वाढलेल्या मुलाला आईने त्याच्या बापाच्या जागेवर नेऊन बसविले.

आता तिच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या कार्याकडे येतो. पिता व चुलता यांनी लिहवून घेतलेले शांतिपुराण काळाच्या ओघात दुर्मिळ होत चालले होते. राज्य बदलले होते, जुनी राजधानी लुटली गेली होती, आश्रयदाते गेले होते. ताडपत्रावरचा ग्रंथ म्हणजे वाळवी, ओल, आग आणि माणसाची हेळसांड यांच्या तावडीत सापडलेली वस्तू. नवी प्रत केली नाही, तर दोन-तीन पिढ्यांत ग्रंथ नाहीसा होतो. अत्तिमब्बेने शांतिपुराणाच्या १००० प्रती लिहवून घेतल्या आणि त्या वाटल्या. त्यांबरोबर सोन्याच्या, रत्नजडित १५०० जिनमूर्ती करवून दान दिल्या.

आकडे ऐकून आपण माना डोलावतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, त्यामुळे मला आकड्याच्या मागचा आकडा पाहण्याची खोड आहे. छापखाना तेव्हा नव्हता. ताडाची पाने आणून, उकळून, वाळवून, घोटून, एकसारखी कापून घ्यायची. त्यांना भोके पाडून दोरी ओवायची, वरखाली लाकडी फळ्या लावायच्या. मग लेखनिकाने एकेक अक्षर उमटवायचे. एका माणसाला एक प्रत पुरी करण्यास दोन महिने लागले, असे नुसते धरून चालू. हजार प्रतींना २००० महिने झाले. पन्नास लेखनिक एकाच वेळी बसविले, तरी ४० महिने, म्हणजे सव्वातीन वर्षांहून अधिक. तेवढा काळ पन्नास माणसांचे जेवणखाण, निवास, पानांचा पुरवठा, लिहिलेले तपासून चुका दुरुस्त करणारे जाणकार, आणि तयार प्रती गावोगावच्या बसदींपर्यंत पोहोचविणारी माणसे, हे सगळे उभे करावे लागले असणार. हा केवळ श्रद्धेचा उमाळा नव्हे, ही व्यवस्था आहे. एखादा कारखाना चालविण्याइतकी शिस्त त्यामागे हवी. एका विधवा स्त्रीने ती हजार वर्षांपूर्वी उभी केली.

मूर्ती आणि ग्रंथ बरोबर देण्यातही मला तिची व्यवहारबुद्धी दिसते. जेथे मूर्ती असेल तेथे रोज पूजा होईल, दार उघडले जाईल, दिवा लागेल, झाडलोट होईल. त्याच छताखाली ठेवलेल्या पोथीचेही मग रक्षण होईल. हा माझा अंदाज आहे. पण बसदीच्या कपाटांत बंद राहून कसरीने खाल्लेल्या पोथ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना तो पटावा. शांतिपुराण आज कानडीत छापील स्वरूपात वाचायला मिळते.

शास्त्रदानाची ही परंपरा पुढेही स्त्रियांनीच जिवंत ठेवली. मूडबिद्रीच्या महाबंध ग्रंथाच्या प्रशस्तीत मल्लिकब्बे नावाच्या श्राविकेचा उल्लेख आहे. श्रीपंचमी व्रताच्या उद्यापनाला तिने तो सिद्धांतग्रंथ लिहवून माघनंदी मुनींना अर्पण केला. त्याच मूडबिद्रीतील धवलादी ग्रंथांच्या प्रती करून घेण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद जव्हेरी व सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी यांनी खटपट केली. धवलाचा पहिला भाग १९३९ मध्ये अमरावतीहून प्रा. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली प्रकाशित झाला. आणि १९५५ मध्ये कुंथलगिरीवर सल्लेखना घेतलेले प. पू. आचार्य शांतिसागर महाराज यांनी हे सिद्धांतग्रंथ ताम्रपटांवर कोरवून घेण्याची प्रेरणा दिली; ते ताम्रपट फलटणला आहेत. श्रुतपंचमीला आपण जिनवाणीची पालखी काढतो, तेव्हा त्या पालखीला अशा किती हातांनी खांदा दिला आहे, हे ध्यानात यावे, म्हणून हे थोडे विषयांतर केले.

शांतिपुराण वाचवून अत्तिमब्बे थांबली नाही. तिने नवा ग्रंथही लिहवून घेतला. मुधोळ परिसरातील एका कासार कुटुंबात, म्हणजे बांगड्या विकणाऱ्या घरात, इ.स. ९४९ मध्ये जन्मलेला रन्न हा मुलगा विद्येच्या ओढीने घर सोडून गंगराज्यात गेला होता. तेथे आचार्य अजितसेनांकडे त्याचे अध्ययन झाले आणि गोम्मटेश्वराची मूर्ती उभारणाऱ्या चामुंडरायाचा त्याला आश्रय मिळाला. मुधोळ आपल्या सांगली-जमखंडीच्या टापूतलेच. बांगड्यांच्या पेटीपासून कविचक्रवर्ती पदापर्यंतचा हा प्रवास आम्हा व्यापारी मंडळींना विशेष कौतुकाचा वाटतो. पुढे तो चालुक्यांच्या दरबारी आला. अत्तिमब्बेच्या आश्रयाने त्याने ९९३ मध्ये अजितपुराण पूर्ण केले.

अजितपुराणात दुसरे तीर्थंकर भगवान अजितनाथ यांच्या चरित्राबरोबर सगर चक्रवर्तीचीही कथा येते. सगराला साठ हजार पुत्र. त्या सर्वांच्या मृत्यूची वार्ता एका दिवशी त्याच्या कानी आली आणि त्या आघातातून त्याला वैराग्य झाले. पती आणि बहीण एकाच दिवशी गमावलेल्या स्त्रीसाठी लिहिलेल्या ग्रंथात ही कथा आहे, हे वाचताना मन हलते. रन्नाने ग्रंथारंभी अत्तिमब्बेचे कुळ, तिचे शील व तिचे दान यांचे विस्ताराने वर्णन केले. आज तिच्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातले पुष्कळसे या कवीमुळेच. तिने ग्रंथ जगविले, ग्रंथांनी तिला जगविले.

तिचे दगडातील स्मारक गदग जिल्ह्यात लक्कुंडी येथे आहे. गदगहून होस्पेटच्या रस्त्याला दहा-बारा किलोमीटरवर हे गाव लागते. त्या काळी लोक्किगुंडी हे भरभराटीचे नगर होते व तेथे टांकसाळ होती. येथे अत्तिमब्बेने ब्रह्म जिनालय बांधले. इ.स. १००७ च्या, म्हणजे शके ९२९ च्या शिलालेखात त्याची नोंद आहे. तेव्हा तैलपाचा पुत्र सत्याश्रय गादीवर होता. जिनालयासाठी दिलेले दान सूरस्थ गण, कौरूर गच्छाचे अर्हणंदी पंडित यांच्या स्वाधीन केल्याचे त्यात म्हटले आहे.

२०१८ च्या महामस्तकाभिषेकाहून परतताना आम्ही काही मंडळी लक्कुंडीला थांबलो होतो. दुपारची वेळ होती, आवारात फारसे कोणी नव्हते. तोवर या भागातील देवळे वालुकाश्माची बांधली जात. हे जिनालय बारीक पोताच्या, हिरवट-काळसर मऊ दगडात बांधले आहे आणि त्या पद्धतीच्या सुरुवातीच्या मंदिरांपैकी ते मानले जाते. या दगडावर हात फिरवला, तर रेशमी कापडावरून फिरल्याचा भास होतो. कापडाच्या व्यापाऱ्याला दुसरी उपमा कोठून सुचणार! मंडपात चतुर्मुख ब्रह्मा व देवी पद्मावती यांच्या मूर्ती आहेत. कोरीव काम रेखीव आहे, पण उगाच दाटी नाही. पुढे याच मऊ दगडात चालुक्य व होयसळ शिल्पींनी जी नाजूक नक्षी फुलविली, तिची वाट येथून जाते. आमच्यातील भगिनींनी तेथे बसून णमोकार मंत्राचा जप केला. गाभाऱ्यात तो कितीतरी वेळ घुमत राहिला.

अत्तिमब्बेच्या जीवनाभोवती अनेक अद्भुत कथा गुंफल्या गेल्या. गोम्मटेश्वराचे दर्शन घेतल्याशिवाय अन्न घेणार नाही, असा नियम करून ती श्रवणबेळगोळला गेली आणि डोंगर चढताना थकलेल्या तिच्यावर अवकाळी पावसाचा शिडकावा झाला, अशी एक कथा. गोदावरीला पूर आला असता जिनमूर्ती मस्तकी धरून ती उभी राहिली आणि प्रवाह ओसरला, ही दुसरी. या कथांना पुरावा मागणाऱ्यांशी मी वाद घालीत नाही. परंतु एक गोष्ट नोंदण्यासारखी आहे. सुमारे शंभर वर्षांनंतर होयसळांचा महासेनापती गंगराज याच्या श्रवणबेळगोळच्या शिलालेखात त्याची थोरवी सांगताना, पूर्वी अत्तिमब्बेच्या जिनभक्तीने गोदावरी थांबली होती, याचा दाखला दिला आहे. शंभर वर्षांनी एका विजयी सेनापतीला आपली तुलना एका विधवा श्राविकेशी व्हावी, यात भूषण वाटले. ज्या समाजाने तिला चितेकडे बोट दाखविले असेल, त्याच समाजाच्या लष्करी वर्गाने तिला असे डोक्यावर घेतले.

तिचा अंतकाळ कसा झाला, याच्या तपशिलात मी जात नाही. १००७ चा शिलालेख वाचला की पतीच्या मृत्यूनंतरची तिची वाटचाल डोळ्यांसमोर उभी राहते: मुलगा हाताशी आलेला, ग्रंथ गावोगाव पोहोचलेले, जिनालय उभे राहिलेले. गुंडमब्बेचे नावही आज आपल्याला ठाऊक आहे, ते थोरल्या बहिणीच्या चरित्रामुळे.

रन्नाविषयी एक सांगायचे राहिले. या कवीने दोन मोठे आश्रयदाते पाहिले, एक चामुंडराय आणि दुसरी अत्तिमब्बे. राजाने त्याला कविचक्रवर्ती केले, मानसन्मान दिले. पण घरी मुले झाली, तेव्हा त्याने मुलाचे नाव राय ठेवले आणि मुलीचे अत्तिमब्बे.